अभियांत्रिकीची शाखा कशी निवडावी: खंडाळा तालुक्यातील उमेदवारांसाठी सूचना

सदर सूचना सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्यासाठी आहेत. लोणावळ्याशेजारच्या खंडाळ्याचे उमेदवार चुकून इथवर आले असतील, तर त्यांनी चिक्की घेऊन परत जावे. आपल्या उमेदवाराने कॉलेजात गेल्यावर गावाचे नाव ‘पारगाव-खंडाळा’ असे ऐसपैस सांगावे. नुसते ‘खंडाळा’ म्हटले की 1998 सालच्या ‘गुलाम’ सिनेमापासून समोरचा माणूस गाणे म्हणू लागतो आणि गाणे संपले की धबधब्याची चौकशी करतो. आपल्याकडे धबधब्याची गर्दी नसते, लोणंदच्या बाजारात कांद्याची असते, हे त्याला पटत नाही. शाखा कोणतीही मिळो, हा विषय आठही सेमिस्टरला असतो आणि त्यात कोणी पास होत नाही.

आता मुख्य मुद्दा. शाखा निवडण्याचा अधिकार नियमाने उमेदवाराचा आहे. प्रत्यक्षात तो निवड समितीकडे असतो. बारावीचा शेवटचा पेपर झाला की ही समिती आपोआप अस्तित्वात येते. तिला कोणी नेमले, हे शेवटपर्यंत कळत नाही. पुण्याहून सुट्टीला आलेली आत्या, हिंजवडीचे दाजी, शिरवळ एमआयडीसीत लेबरचा ठेका घेणारे मामा आणि भावकीतले एखादे तात्या असे तिचे सदस्य. तात्यांच्या मुलाने कोणे एके काळी डिप्लोमा केलेला असतो, तेवढ्यावर ते तज्ज्ञ सदस्य ठरतात. गणपूर्तीसाठी उमेदवार लागत नाही. त्याने चहाचा ट्रे आणून ठेवावा आणि चौकटीला टेकून उभे राहावे. बसू नये, बसले की प्रश्न विचारतात.

‘कॉम्प्युटर घे. डोळं झाकून घे,’ दाजी म्हणतात.

‘आणि सगळ्यांनीच कॉम्प्युटर घेतलं तर मशिनी कोण चालवणार? मेकॅनिकल घे, शिरवळला मी चिकटवतो,’ मामा म्हणतात.

‘सिव्हिल. पीडब्ल्यूडी. पेन्शन,’ तात्या तीन शब्दांत आटोपतात. यातली पेन्शन आता पूर्वीसारखी राहिली नाही, हे त्यांना सांगण्याची जबाबदारी उमेदवाराने अंगावर घेऊ नये.

या बैठकीत एकच माहिती हाती लागण्यासारखी असते आणि ती कोणी मागत नाही. दाजी स्वतः मेकॅनिकलचे इंजिनिअर असतात. चार वर्षे त्यांनी लेथवर लोखंड छिलले, कॅम्पस मुलाखतीत सॉफ्टवेअर कंपनीने उचलले, काही महिने प्रशिक्षण दिले आणि तेव्हापासून ते कोड लिहितात. मेकॅनिकल घेऊन कॉम्प्युटरवर पोट भरणारा माणूस पुढ्यात बसून ‘मेकॅनिकल घेऊ नको, पोट भरणार नाही’ म्हणतो, तेव्हा उमेदवाराने गालातल्या गालात हसावे आणि बिस्किटांची बशी पुढे करावी.

सीईटीचा निकाल लागला की समितीची दुसरी बैठक होते. तिला पेढे असतात. ‘अठ्ठ्याहत्तर टक्के पडले पोराला,’ असे आत्या फोनवर सगळ्यांना कळवते. ते टक्के नसतात, पर्सेंटाइल असतो. अठ्ठ्याहत्तर पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरातले साधारण अठ्ठ्याहत्तर जण आपल्याइतके किंवा आपल्या मागे, आणि बावीस पुढे. या परीक्षेला राज्यातून लाखांच्या हिशेबात मुले बसतात, तेव्हा त्या बावीसांच्या किती जत्रा होतात, त्याचा हिशेब उमेदवाराने एकट्यात करावा. पेढे वाटून झाल्यावर करावा. आधी केल्यास पेढे उरतात.

यानंतर भूगोल येतो. अभियांत्रिकीच्या प्रवेशाला भौतिक, रसायन आणि गणित लागते असे सांगतात. खंडाळा तालुक्याला नीरा नदीही लागते. नीरेच्या अलीकडे सातारा जिल्हा, पलीकडे पुणे जिल्हा. अलीकडचे कॉलेज कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत, पलीकडचे पुणे विद्यापीठाच्या. प्रवेशाच्या जागांचा मोठा वाटा ‘होम युनिव्हर्सिटी’च्या मुलांना राखलेला असतो आणि होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावी कुठून पास झालात त्यावरून. शिरवळमधून बारावी केलेल्या मुलाला सारोळ्याचा पूल दोन-चार मिनिटांवर, पण पुण्याच्या कॉलेजांच्या यादीत तो परका आणि दीडशे किलोमीटरच्या पलीकडे असलेले कोल्हापूर त्याचे घर. काही दूरदृष्टीचे पालक म्हणून पोराला अकरावीलाच पुलापलीकडे घालतात. मग त्याला अलीकडची कॉलेजे परकी होतात. नदी कुठून तरी ओलांडावीच लागते.

यात एक गोष्ट अशी आहे की ती विनोद म्हणून रचली असती तर संपादकांनी अतिशयोक्ती म्हणून कापली असती. पुणे विद्यापीठाला 2014 मध्ये सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले गेले. सावित्रीबाईंचा जन्म 3 जानेवारी 1831 चा, नायगावचा. नायगाव आमच्या खंडाळा तालुक्यात. म्हणजे नायगावच्या मुलीने तालुक्यातूनच बारावी केली, तर सावित्रीबाईंच्या नावाच्या विद्यापीठाच्या यादीत तिच्या नावापुढे ‘इतर विद्यापीठ’ असे पडते. आषाढात माउलींची पालखी पलीकडून येते, नीरेत पादुकांना स्नान होते, लोणंदला मुक्काम पडतो. त्याच सुमारास प्रवेशाच्या फेऱ्यांची धांदल असते आणि आमची पोरे पलीकडे जायची खटपट करत असतात. माउलींना कोणी होम युनिव्हर्सिटी विचारत नाही.

अलीकडे राहायचे ठरले तर घाबरण्याचे कारण नाही. सांगलीचे वालचंद कॉलेज 1947 पासून आहे. धोंडूमामा साठ्यांनी ते ‘न्यू इंजिनिअरिंग कॉलेज’ म्हणून काढले, 1955 मध्ये वालचंद हे नाव लागले. कऱ्हाडचे सरकारी कॉलेज 1960 चे. बाकीची बहुतेक 1983 नंतरची. त्या वर्षी मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी कॉलेजांना वाट मोकळी केली. स्वतः दादांचे शाळेतले शिक्षण फार झालेले नव्हते. त्यांच्या सहीने राज्यात इतके इंजिनिअर तयार झाले की आज लग्नाच्या बायोडेटात ‘मुलगा इंजिनिअर’ लिहिले तर मुलीकडचे ‘पुढे काय?’ विचारतात. दादा सांगलीचे, म्हणून या भागाचा या पापपुण्यात वाटा मोठा. साताऱ्याचे आणि इस्लामपूरजवळच्या राजारामनगरचे कॉलेज त्याच वर्षीचे.

पर्याय भरताना शाखांच्या नावांचा त्रास होतो. पूर्वी सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल ही तीन नावे पाठ असली की भागायचे. आता एकट्या कॉम्प्युटरचेच कॉम्प्युटर, आयटी, एआय अँड डेटा सायन्स, एआय अँड एमएल, सायबर सिक्युरिटी असे संयुक्त कुटुंब झाले आहे. चांगले मूल्यांकन असलेल्या संस्थांना एका शाखेत किती जागा घ्याव्यात याची वरची मर्यादा एआयसीटीईने 2024-25 पासून काढून टाकली, तेव्हापासून या कुटुंबाला खोल्या कमी पडतात. या भावंडांतला फरक ओळखायचा असेल तर माहितीपुस्तिकेचे मुखपृष्ठ पाहू नये, तिथे सगळ्यांना एकच रोबो असतो. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्यावा आणि दोन शाखांचे विषय शेजारी शेजारी लिहावेत. बरेच विषय तेच निघतात. या सबंध मार्गदर्शनात खरोखर उपयोगी असे जे काही आहे त्यातले हे एक आहे, म्हणून मध्येच लपवून ठेवले आहे. दुसरे असे की कॉलेज पाहायला गेल्यावर स्वागतकक्षातले कारंजे पाहू नये. ‘लॅब संध्याकाळी किती वाजता बंद होते?’ असे शिपायाला विचारावे. प्राचार्यांना विचारू नये.

शाखा चुकली तर काय, ही भीती प्रत्येक उमेदवाराला असते. यावर उतारा म्हणून सांगली जिल्ह्यातल्या एका जुन्या प्रकरणाचा अभ्यास सक्तीचा करत आहोत. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळले की काही रंगांतला फरक त्यांना दिसतच नाही. चित्रकाराच्या दृष्टीने ही किरकोळ अडचण नव्हे. त्यांनी चित्रकला सोडून मेकॅनिकल ड्रॉइंग धरले. त्यात पेन्सिलीवर भागते. त्या जोरावर व्हीजेटीआयमध्ये शिकवायची नोकरी मिळाली. पुढे हक्काची बढती दुसऱ्याला गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला सायकलींचे दुकान. सायकलींवरून कडबा कापायच्या यंत्रावर, तिथून लोखंडी नांगरावर. लोखंडाने जमिनीला विष होते असे शेतकऱ्यांचे मत असल्याने नांगर दोन वर्षे कोणी घेईना. अखेर 1910 मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे पंतप्रतिनिधी स्वतः हाडाचे चित्रकार होते.

आता हे प्रकरण आमच्या निवड समितीपुढे ठेवून पाहावे. जे. जे. मधून ‘बाहेर पडलेला’, सरकारमान्य नोकरी सोडलेला, सायकलचे पंक्चर काढणारा आणि न विकला जाणारा नांगर बनवणारा मुलगा. आत्याने त्याच्यासाठी स्थळ सुचवले नसते. दाजींनी ‘एखादा कोर्स कर’ म्हटले असते. लक्ष्मणरावांचा पर्सेंटाइल उपलब्ध नाही, हे महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाचे भाग्यच म्हणायचे.

मुलींसाठी वेगळ्या सूचना देण्याचे खरे तर कारण नाही, पण समितीच त्या वेगळ्या देते. पूर्वी ‘एवढी फी मुलीवर?’ हा मुद्दा असे. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आणि समितीची चांगलीच पंचाईत झाली. मग नवे मुद्दे शोधले गेले. सिव्हिल नको, साइटवर ऊन लागते. मेकॅनिकल नको, कपडे काळे होतात. हे बोलत असताना मुलीची आई रानात कांदा काढत असते. तिच्या उन्हाची नोंद कुठेही नसते. मेकॅनिकल हवे असलेल्या मुलीने वाद घालू नये. सकाळी पहिल्या पाळीच्या वेळी महामार्गावर उभे राहावे, शिरवळच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या बसच्या खिडक्यांमधून किती मुलींच्या वेण्या दिसतात ते तात्यांना दाखवावे आणि घरी येऊन पर्याय भरावा. त्या मुली मशिनीवर काम करायला चालल्या आहेत. मशीन कसे असावे हे ठरवायलाही त्यांच्यातल्याच कोणी तरी जायला हवे, एवढेच तात्यांना सांगून पुढे व्हावे.

प्रवेश मिळाला. आता शाखा अंगी लागण्याचा भाग. तो पुस्तिकेत छापत नाहीत.

पहिले वर्ष सगळ्या शाखांना जवळजवळ सारखेच असते, त्यामुळे त्या वर्षी ‘मला माझी शाखा आवडत नाही’ असे म्हणता येत नाही; ती अजून भेटलेलीच नसते. या वर्षात गणिताची केटी लागू शकते. केटीला आजार समजू नये, पण घरी सांगताना आजारासारखेच टप्प्याटप्प्याने सांगावे. याच वर्षी वर्कशॉपमध्ये हाती लोखंडाची पट्टी आणि कानस देतात. दोन तुकडे घासून एकमेकांत चपखल बसवायचे असतात. तळहाताला फोड येतात, गुण्या लावून पाहिला की कोपरा तिरका निघतो. शेवटी इन्स्ट्रक्टर दोन्ही तुकडे जुळवून खिडकीकडे धरतात. फटीतून उजेड दिसला की ‘पुन्हा घास.’ कॉम्प्युटरची मुले यावर फार चिडतात, आम्हाला कानस कशाला म्हणून. आमचे स्पष्ट मत आहे की कॉम्प्युटरच्या मुलांना ती दोन वर्षे द्यावी. फट दिसते आहे आणि ती आपणच ठेवली आहे, हे इतक्या स्वच्छ उजेडात त्यांना पुढे कधी दिसत नाही.

दुसऱ्या वर्षापासून खरी परीक्षा गावाकडे सुरू होते. इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी शनिवारी एसटीतून उतरला की डीपी जळाला, पंखा गरगरतो, मीटर पळतो अशा तक्रारी घेऊन लोक उभे असतात. ‘मी पॉवर सिस्टिम शिकतोय’ असे उत्तर देऊ नये. ते महावितरणला द्यावे लागते तसले उत्तर आहे. वडिलांबरोबर विहिरीवर जावे. रात्रपाळीच्या विजेवर मोटार चालू करताना वडील एक बटण दाबतात, थांबतात, आवाज बदलला की स्टार्टर खटकन दुसऱ्या जोडणीवर जातो. याला कॉलेजात स्टार-डेल्टा म्हणतात. स्टारमध्ये मोटार सुरू केली की लाईनमधून ओढला जाणारा प्रवाह थेट डेल्टात सुरू केल्याच्या एक तृतीयांश राहतो; पेपरात हे सिद्ध करायला सांगतात. वडिलांनी ते कधी सिद्ध केलेले नाही. आवाज फुटका आला की ‘एक फेज गेलाय’ म्हणून ते अंधारात मोटार बंद करतात आणि ते बरोबर असते. मेन बंद करून त्या स्टार्टरचे झाकण पहिल्यांदा उघडल्यावर वहीतली आकृती आतमध्ये जशीच्या तशी, फक्त पालीच्या अंड्यांसह, दिसते. ज्याला त्या रात्री झोपायला उशीर झाला त्याची शाखा पक्की झाली असे समजावे. ज्याला कंटाळा आला त्याने एमबीएची माहिती काढायला हरकत नाही. त्यातही पाप नाही.

सिव्हिलवाल्यांना प्रयोगशाळा शोधावी लागत नाही, ते रोज तिच्यात अडकतात. खंबाटकीत साताऱ्याकडे जाणारी वाहने घाट चढून जातात, पुण्याकडे येणारी बोगद्यातून येतात. बोगदा संपला की उतार आणि उतारावर इंग्रजी ‘एस’सारखे वळण. त्या वळणावर इतकी माणसे गेली की नवा जुळा बोगदा आणि सरळ रस्ता काढण्याचे काम हाती घ्यावे लागले. वळणावर रस्त्याची बाहेरची कड किती उचलावी, याचे सूत्र सिव्हिलच्या पुस्तकात दीड ओळीचे आहे. विद्यार्थी ते पाठ करतो, विसरतो. मग एखाद्या रविवारी संध्याकाळी एसटी त्या वळणावर कलते, पुढच्या सीटवरची बाई बाळ छातीशी घट्ट धरते आणि ते दीड ओळीचे सूत्र आपणहून आठवते. ती शाखा त्याने घेतली तेव्हा पर्सेंटाइल कमी होता, हे त्यानंतर तो कोणाला सांगत बसत नाही.

केमिकलबद्दल थोडक्यात: तालुक्यातच एशियन पेंट्सचा मोठा कारखाना असताना ‘केमिकलला इकडं काय हाय?’ असे विचारणाऱ्या नातेवाइकाला त्याच्याच घराच्या भिंतीकडे पाहायला सांगावे.

राहिल्या कार्यालयीन बाबी. जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे निकालानंतर काढू असे म्हणू नये. निकालानंतर सेतू केंद्रात सगळा तालुका असतो. पर्याय 300 पर्यंत भरता येतात, म्हणून 300 भरायचे नसतात. क्रम मात्र मनापासून लावावा, कारण 2025 च्या नियमांप्रमाणे पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तिनांतला आणि तिसरीत पहिल्या सहांतला कोणताही मिळाला की तो घ्यावाच लागतो. पुढच्या फेरीची वाट बंद होते. दाजींच्या समाधानासाठी वर टाकलेला पर्याय दाजींना मिळत नाही, तुम्हाला मिळतो. आणि फॉर्म भरून नुसता सेव्ह केला म्हणजे झाले असे नाही, तो कन्फर्म करावा लागतो. ते काम रात्री, सगळे झोपल्यावर, स्वतःच्या हाताने करावे. पासवर्ड कोणालाही सांगू नये. आत्यालासुद्धा नाही.